लॅक्टोज आणि खाली ठेवलेला पेला

कोल्हापूर,
गुरुवार, दुपार

तीर्थरूप आक्कास,

विजयसिंहाचा साष्टांग नमस्कार. (डॉक्टरांनी मला कमरेतून वाकायला मनाई केली आहे, तेव्हा हा नमस्कार कागदावरच पूर्ण समजावा.) तुझे गुडघे कसे आहेत? मी दिलेलं तेल लावतेस की ते अजून देवघराच्या फळीवरच आहे? दाजींचा खोकला थांबला का? ऊस गेला का कारखान्याला, की अजून तोडणीवाल्यांची वाट बघणं चालू आहे? इकडे आम्ही ठीक आहोत, म्हणजे मी ठीक आहे आणि बाकीचे माझ्याशी बोलत नाहीत. तुला फोन लावला तर तू उचलत नाहीस. व्हॉट्सॲपवर निळ्या खुणा उमटतात, उत्तर उमटत नाही. दाजींना लावला तर ते 'आत हाय, बोलवतो' म्हणतात आणि त्यानंतर फोनमधून नुसता ट्रॅक्टरचा आवाज येत राहतो. म्हणून शेवटी पत्र लिहायला बसलो. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी पाकीट फोडावं लागतं, आणि फोडलंस की तू वाचणार, एवढं मी तुला ओळखतो.

माझ्या कानावर असं आलं आहे की तू शिरोळभर सांगत सुटली आहेस, 'इज्याच्या जिभेनं माज्या पोराचं लगीन मोडलं.' आक्का, मी उभी हयात मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. माझ्यावर असा आरोप कॉलेजच्या मॅनेजमेंटनेही कधी केला नाही, आणि त्यांनी करायचे काही बाकी ठेवले नव्हते. तेव्हा मला माझी बाजू मांडू दे. तुला यातलं बरंच माहीत आहे, तरी मी पहिल्यापासून सांगणार आहे, कारण तू ऐकलंस ते दुसऱ्यांकडून, आणि दुसरे सांगताना म्हशीचं शेपूट सांगतात, म्हैस सांगत नाहीत.

तुझा आदर्श शिरोलीच्या फौंड्रीत नोकरीला लागल्यापासून माझ्याकडे राहतो. आमच्या कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात संयोगिता बसते. (माझी जुनी विद्यार्थिनी. अक्षर सुरेख, फळ्याकडे लक्ष, प्रश्न मात्र नको तिथे विचारायची.) आदर्श तिच्या दुकानात पोटाच्या गोळ्या आणायला जायचा. पुढे पुढे इतक्या गोळ्या यायला लागल्या की मलाच काळजी वाटली, कारण एका माणसाचं पोट इतकं वरचेवर बिघडत नाही. मग कळलं की बिघाड पोटाच्या जरा वर आहे. मुलगी चांगली, मुलगा चांगला, दोन्ही घरं बोलायला तयार झाली, आणि मध्ये मी उभा राहिलो. इथपर्यंत तूच मला 'इज्या, तू होतास म्हणून' म्हणत होतीस, हे विसरू नकोस.

आता पिराजीआण्णांच्या, म्हणजे संयोगिताच्या वडिलांच्या घरची रीत. त्यांच्याकडे आजा-पणजापासून म्हशी. संध्याकाळी म्हशी कट्ट्यावर आणून बांधायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर पेल्यात धार काढायची, आणि गिऱ्हाइकाने तो फेसाळ पेला उभ्या-उभ्या संपवून रिकामा आण्णांच्या हातात द्यायचा. अर्धा पेला कट्ट्याच्या दगडावर खाली ठेवायचा नाही. असं कुठे लिहिलेलं नाही, पण पेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. पेला खाली ठेवला म्हणजे म्हशीत खोट काढली, आणि म्हशीत खोट काढली म्हणजे त्या घरात काढली. आणि सुपारी फुटायच्या आधी होणाऱ्या जावयाने याच कट्ट्यावर सासऱ्याच्या हातून घरच्या म्हशीचं दूध प्यायचं. आजवरचे सगळे जावई प्याले. एक तर म्हणे अंगात ताप असताना आला, प्याला, आणि तसाच दवाखान्यात गेला. त्याचं नाव त्या घरात अजून आदराने घेतात.

आणि आदर्शला दूध पचत नाही. हे मला माहीत होतं, दाजींना माहीत होतं, आणि तुला तर माहीत होतंच होतं. तुमच्याच वास्तुशांतीला वाटीभर बासुंदी खाऊन तो उसाच्या फडात जो शिरला तो पंगती उठल्यावरच बाहेर आला. तरी बैठकीत चिमणाबाईंनी (पिराजीआण्णांच्या आई, त्या घरात त्यांच्या वर अपील नाही) 'पोरगं दूध पितंय न्हवं?' असं विचारलं, तेव्हा तू पदर सावरून काय म्हणालीस? 'दुधावरच तर वाढलाय की आमचा आदर्श. सकाळ-संध्याकाळ तांब्या लागतोय त्याला.' तांब्या! मी तुझ्याकडे बघितलं, तर तू पोह्यांकडे बघत होतीस. जे काही मोडलं असेल त्याला पहिला तडा तिथे गेला, एवढंच मला नोंदवायचं आहे.

तर त्या संध्याकाळी आम्ही कट्ट्यावर गेलो. आदर्श नवा शर्ट घालून. पिराजीआण्णांनी फेटा बांधला होता. म्हशीच्या शिंगांना तेल लावलेलं. (म्हशीचं नाव निशिगंधा. संयोगिताने शाळेत असताना ठेवलं. रंगाच्या बाबतीत पहिलं अर्धं नाव बरोबर आहे.) नेहमीची गिऱ्हाइकं हातात पेले घेऊन बाजूला सरकली, जागा करून दिली. आण्णांनी धार काढली, पेला भरला, आदर्शच्या हातात दिला. त्यांचा चेहरा मी बघितला. तो माणूस लेक देत होता आणि त्याआधी त्याच्याजवळचं सगळ्यांत चांगलं जे होतं ते देत होता. आदर्शने पेला तोंडाला लावला. आणि आक्का, त्याचा चेहरा अगदी शांत होता. मला वाटलं, हे पोर तुझ्या एका तांब्यापायी आपल्या पोटाची आहुती द्यायला निघालं आहे. निम्मा पेला संपला होता. मामा म्हणून माझ्याने बघवेना. मी पुढे झालो आणि पेला त्याच्या हातातून काढून घेतला.

तू म्हणशील, सरळ सांगायचं की त्याला दूध सोसत नाही. पण सरळ सांगितलं की लोकांना तो रोग वाटतो. शब्दाचं मूळ सांगितलं की तेच ज्ञान होतं, असा माझा आयुष्यभराचा अनुभव आहे. म्हणून मी मुळापासून सुरुवात केली. दुधात जी साखर असते तिला लॅक्टोज म्हणतात. 'लॅक' म्हणजे लॅटिनमध्ये दूध. पुढची 'ओज' ही शेपटी मात्र लॅटिन नाही, ती ग्लुकोजकडून उसनी आणलेली आहे, आणि ग्लुकोज आलं ग्रीकमधून. म्हणजे एकाच शब्दात धड एका घरचं आणि शेपूट दुसऱ्या घरचं. तिथेच एक सोयरीक जमली आहे. (ही गोष्ट प्रसंगाला इतकी शोभून दिसत होती की मला थांबताच येईना.) आता ही लॅक्टोज पोटात गेली की तिचे दोन तुकडे व्हावे लागतात. एक ग्लुकोज, दुसरा गॅलॅक्टोज. 'गाला' म्हणजेही दूध, पण ग्रीकमध्ये. म्हणजे लॅटिन दुधाचे तुकडे केले की त्यातून पुन्हा ग्रीक दूध निघतं! याच 'गाला'वरून गॅलेक्सी. ग्रीक लोकांना आभाळातला पांढरा पट्टा सांडलेल्या दुधासारखा दिसला, आपल्याला तिथे नदी दिसली. (आपल्याकडे दूध सांडलं की आधी बोलणी बसतात, आभाळाला नाव ठेवायला सवड कुणाला?) आणि ग्लुकोजचं मूळ 'ग्लेउकोस', म्हणजे द्राक्षांचा ताजा गोड रस, ज्याची पुढे वाईन होते. वाईन हा शब्द कट्ट्यावर उच्चारला नसता तरी चाललं असतं, हे मी मान्य करतो. एका गिऱ्हाइकाने आपल्या पेल्याचा वास घेऊन बघितला.

हे दोन तुकडे एकमेकांना कसे चिकटलेले असतात आणि ज्यांच्या पोटात ते सोडवणारा पाचक रस तयार होत नाही त्यांच्यात ते कसे सुटत नाहीत, हे दाखवायला दोन मुठी लागतात. एक मूठ ग्रीक दूध, एक मूठ ग्रीक द्राक्षरस. वर्गात मी हे नेहमी असंच दाखवत आलो. एका हातात पेला असताना ते दाखवता येत नाही. म्हणून मी पेला खाली ठेवला. कट्ट्याच्या दगडावर. निम्मा भरलेला.

गिऱ्हाइकांचे पेले तोंडाशी जाता जाता थांबले. मी आपल्या मुठी उघडतोय आणि मिटतोय. मला वाटलं, समजतंय लोकांना. मग पिराजीआण्णा अगदी हळू म्हणाले, "मास्तर, पेला खाली ठिवलासा तुमी." एवढंच. पेला उचलला, दूध गटारीत ओतलं, निशिगंधाचं दावं सोडलं आणि आमच्याकडे न बघता तिला घेऊन गेले. फेट्याचा शेमला पाठीवर हलत होता. मागून आदर्श 'मामा' एवढंच म्हणाला. ते 'मामा' तो कसं म्हणाला ते मी तुला लिहून सांगू शकत नाही.

मी स्वस्थ बसलो असं समजू नकोस. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरी गेलो. जाताना मुद्दाम घट्ट दह्याचं गाडगं घेऊन गेलो, कारण दही लावलं की विरजणातले जंतू बरीचशी लॅक्टोज खाऊन टाकतात आणि असं दूध आदर्शला सोसतं, हे मला दाखवायचं होतं. (म्हशीवाल्याच्या घरी बाजारातलं दही न्यायचं नसतं, हे मला दारात पोचल्यावर सुचलं.) पिराजीआण्णा गोठ्यात होते, ते आलेच नाहीत. चिमणाबाईंनी गाडग्यात बोट घालून चव बघितली, तोंड वाकडं केलं आणि मला समोर बसवलं. मी पुन्हा सगळं सांगितलं, या वेळी मुठी मांडीवर ठेवून. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "त्या तुमच्या ग्रीकांनी कवा म्हसरं पाळली हुती काय? न्हाय न्हवं? मग त्यांस्नी काय ठावं आमच्या निशिगंधाचं दूध?" मी म्हटलं, प्रश्न निशिगंधाचा नाही, आदर्शच्या पोटात कळ येते. तर म्हणाल्या, "येऊ दे की. माज्या पोटात पाच डाव कळ आली, तवा कुटं ही खटलं उभं ऱ्हायलं." याला रसायनशास्त्रात उत्तर नाही. मी गाडगं तिथेच ठेवून उठलो.

तेव्हापासून आदर्श कामावर जातो, येतो, पानावर बसतो आणि उठतो. माझ्याशी उद्धटपणे बोलत नाही, बोलला असता तर बरं झालं असतं. संयोगिता दुकानात असते, तिचे डोळे सुजलेले असतात, आणि मी क्रोसिन मागितली तरी ती हातात न देता काउंटरवर ठेवते. ही दोन मुलं एकमेकांसाठी आहेत, हे मला कुठल्याही समीकरणापेक्षा स्वच्छ दिसतं, आणि ते जुळत नाही याचं मला फार वाईट वाटतं, आक्का. घास गोड लागत नाही. पण म्हणून मी चुकलो असं मात्र मी म्हणणार नाही. डोळ्यांदेखत भाच्याच्या पोटात विष जात असताना (विष म्हणजे या संदर्भात, निशिगंधाच्या दुधाला कुणी नावं ठेवलेली नाहीत) मामाने गप्प बसावं, असं कुठल्या शास्त्रात आहे? मी माझं कर्तव्य केलं. जे झालं ते झालं. तू रागव, बोल, पण फोन उचल. दाजींना नमस्कार, आणि गुडघ्यांना ते तेल लाव.

तुझा धाकटा भाऊ,
विजयसिंह

ता. क. पत्र बंद करता करता राहिलेली एक छोटी गोष्ट. चिमणाबाईंनी काल निरोप पाठवला. (आण्णांनीच आईपाशी विषय काढला म्हणे. का काढला ते शेवटी सांगतो.) त्यांचा निकाल असा: ज्याच्या हातचा पेला एकदा खाली गेला त्याच्या हातात पुन्हा पेला द्यायचा नाही. पण, "ज्या बाईनं त्या पोराला दूध पाजून वाढवलं तिनं हितं यावं आन कट्ट्यावर सगळ्यांम्होरं आमचं दूध प्यावं. तिनं पेला मोकळा करून दिला की आमचं बोलनं मिटलं. सुपारी दुसऱ्या दिवशी फोडू." तेव्हा आक्का, येत्या रविवारी संध्याकाळी तू कोल्हापुरात यायचं आहेस. हे पत्र त्यासाठीच आहे. वरचं सगळं तुझा राग थोडा उतरावा म्हणून लिहिलं.

ता. क. २. तुलाही दूध सोसत नाही, हे मला माहीत आहे. किती वर्षं झाली तू कोराच चहा पितेस आणि 'दूध उष्ण पडतंय' म्हणतेस. लहानपणी माझं डोकं तापलं की तूच दूध थंड असतं म्हणून मला पाजायचीस. पोराने पोट कुठून आणलं ते उघड आहे. म्हणून सोबत गोळ्यांची एक पट्टी ठेवली आहे. दुधाच्या पहिल्या घोटाआधी एक घ्यायची. तिच्यावर लॅक्टेज असं छापलं आहे. (तीच लॅक्टोज, फक्त शेपूट बदललं. ही 'एज' मुळात ग्रीकमधल्या वेगळं होण्याच्या शब्दातून आली. बाकी भेटीत.) डॉक्टरांना विचारून घेतल्या आहेत, घाबरू नकोस. हा निरोप यायच्या आधीच मी त्या आदर्शसाठी म्हणून मागितल्या होत्या, आणि संयोगितानेच दिल्या. मी तिला म्हटलं, अगं, हे असं औषध असतं तर आदर्शला आधी का नाही दिलंस? तर ती म्हणाली, "सर, दिलीवती की. कट्ट्यावर यायच्या आधीच घेतलीवती त्यानं. तो सगळा पेला पिनार हुता." मी म्हटलं, मग तो तेव्हा बोलला का नाही? ती म्हणाली, "तुमी बोलू दिलासा व्हय?" यावर मी तुझ्यापाशीही काही बोलणार नाही. वर 'कर्तव्य केलं' असं जे वाक्य आहे ते तू वाचलं नाहीस असं समज.

ता. क. ३. पट्टीतली एक गोळी कमी दिसेल. कुरिअरवाल्याला बोलू नकोस. आणि हा भाग वाचून झाला की फाडून चुलीत घाल, कारण मी शब्द दिला होता आणि तो फक्त तुझ्यापाशी मोडतो आहे. परवा सकाळी पिराजीआण्णा माझ्या दारात आले. मला वाटलं, राहिलेलं बोलायला आले. बसले, पाणी प्याले, बराच वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मास्तर, ते तुमी सांगत हुतासा न्हवं, ते थोराड मानसाला बी हुतंय का वो? आदी पचायचं आन मग पचंना झालं, असं?" मी म्हटलं, पुष्कळांना वय वाढेल तसंच होतं. मग खाली मान घालून त्यांनी सगळं सांगितलं. कित्येक वर्षांत त्यांनी घरच्या म्हशीचं दूध प्यायलेलं नाही. कट्ट्यावर लोकांसमोर पेला तोंडाला लावायचा, मिशीला फेस लावून घ्यायचा, आणि पाठ वळवून दूध निशिगंधापुढच्याच आंबोणाच्या घमेल्यात ओतायचं. आईला माहीत नाही, लेकीला माहीत नाही. "म्हसरंवाल्याच्या पोटात दूध ठरंना, ही कुनाला सांगायचं? मला वाटायचं माज्यातच काय तरी वंगाळ हाय." मग विचारलं, "त्याला नाव हाय व्हय, मास्तर?" मी म्हटलं, आहे. लॅटिन आहे, ग्रीक आहे, फार जुनं आहे. ते म्हणाले, "एवढ्या लांबच्या मानसांनी नाव दिलंय म्हंजे लई जनांस्नी हुत असनार की." आणि त्यांचे खांदे सैल पडले. आक्का, इतकी वर्षं मी मुलांपुढे शब्द फोडत आलो, पण एका शब्दाने माणूस असा हलका झालेला मी कधी बघितला नव्हता. मला रडू आलं. मी ते खोकल्यावर नेलं.

मी पट्टीतली एक गोळी त्यांच्या हातावर ठेवली. आम्ही दोघं त्यांच्या गोठ्यात गेलो. त्यांनी निशिगंधाची धार काढली, गोळी घेतली, पेला तोंडाला लावला आणि या वेळी पाठ वळवली नाही. सगळा प्याले. मग आम्ही वैरणीच्या पेंढ्यांवर बसून राहिलो, आता पोटात काय होतंय त्याची वाट बघत. बराच वेळ गेला. काही झालं नाही. आण्णांनी मिशीवरून हात फिरवला, हात बघितला, आणि म्हणाले, "ग्वाड हाय की वो आमचं दूध."